शुभ्राच्या खात्यासाठी जामीन

— न्हाई न्हाई, उठू नका मानसिंगभाऊ, च्या तर येऊ द्या. पतसंस्था ही काय समोरच. बाकीचे कागद झालेत, जामीन म्हणून तुमची तेवढी सही राहिली — ती पडली की पैसे उचलायचे आन् तसंच पोस्टात जायचं. उद्या एकतीस मार्च, उद्या भोरच्या पोस्टात पाय ठेवायला जागा नसती. दीड लाख. असं बघू नका माझ्याकडं — दादाच्या पोरीच्या खात्यात वर्षाला तेवढंच भरता येतं, जास्त घेतच न्हाईत, न्हाईतर मी जास्त काढलं असतं.

व्हय, चौदा टक्क्यानं काढतोय आन् आठ टक्क्यानं टाकतोय. सातवीत शाळा सोडली म्हणून चौदा मोठे का आठ मोठे एवढंबी कळत न्हाई व्हय मला? पण हे आठ बिनकराचे हायेत. — हसा, हसा. मला कुठला आलाय कर, दुसऱ्याचा टेम्पो चालवतो मी, कामथडीची भाजी पुण्याला. कर दादाचा कापायचे कंपनीत. तुमी त्याच्या शेजारच्याच मशीनवर, तुमाला माझ्यापेक्षा जास्त म्हाईत. दर मार्चला तो शुभ्राच्या नावानं भरायचा आन् मला सांगायचा — ज्ञानू, ह्या पैशाला सरकारबी हात लावत न्हाई, पोर अठराची झाल्याबिगर मीबी लावू शकत न्हाई. पाच हजार भरायचा का सात, पण पोस्टातनं असा यायचा जसं काय शिवार विकत घेऊन आलाय. ह्या मार्चलाबी त्यानंच भरलं असतं. दिवाळीत तर होता की. फटाक्यात पैसे जाळतो म्हणून शिव्या घातल्या मला. आन् पुढं पंधरा दिसात त्या हायवेवर… असू द्या. तुमीच उचलून आणला त्याला, तुमाला काय सांगायचं.

मग एवढे कशाला भरायचे? सांगतो, ऐका. वहिनी पोरीला घेऊन म्हायेरी गेली, आंबवड्याला. तिचं चुकलं न्हाई, आमच्या उत्रोलीच्या घरात राहिलंय कोण — मी आन् चार भिंती. टीव्ही लावून ठेवतो, कुणी बोलतंय असं वाटावं म्हणून. तिचा भाऊ चांगलाय. लई चांगलाय, तेच तर. पोर त्याच्या खांद्यावरनं उतरत न्हाई. उद्या लग्नात पोरीच्या पाठीशी कोण उभा राहतो? मामा. सगळ्या मांडवादेखत. मामाला मान हाये, काकाला काय हाये? काकाच्या हातात भाताची बादली — घ्या पाव्हणं, घ्या. बाप हाये तवर काका असतो, मानसिंगभाऊ. बाप गेला की काका म्हंजे गावातला एक माणूस. म्हणून म्हणतो, अठराव्या वर्षी खात्यात एवढा पैका दिसला, तर कुणीतरी सांगंल का न्हाई तिला — हे काकानं भरलंय?

काय? वहिनीला इचारलं का? इचारलं की. फोन केला होता. काय म्हणली ते जाऊ द्या. — म्हणली, भाऊजी, डोक्यावर कर्ज नका करू. पोर इचारती, काका कवा येणार. तुमी नुसतं या. नुसतं या, म्हणली.

आता नुसतं कसं जायचं? सांगा की! गेलो होतो एकदा. टेम्पोचा आवाज ऐकून पोर अंगणातनं पळत आली — तुमी बघितलंय, दादा शिफ्टवरनं आला की कशी पळायची — तशीच. काकाच म्हणली, दुसरं काय न्हाई. पण पळणं तेच. मी गाडी फिरवली. उतरलोच न्हाई. आरशात दिसत होती, उभी राहिली होती रस्त्यात. खिशात काय नव्हतं म्हणून हो, साधं चॉकलेट नव्हतं. हातात काय असलं की बरं पडतं. दीड लाखाची पावती असली म्हंजे कसं, आधी ती दाखवायची, मग बसायचं, पाणी प्यायचं, मग…

पेन काढलात? थांबा. थांबा जरा. पाच वर्षांची पोर ती, तिला पावतीतलं काय कळणार.

न्हाई, ठेवा ते पेन. ठेवा म्हणतो ना. च्याचे मी देतो. खांद्यावरचा हात काढा तेवढा, मानसिंगभाऊ, लोकं बघत्यात. जावा तुमी. जावा.