चादरीतलं भोक

शेजाऱ्याला पटकन 'ग्रँड', म्हणजे आयरिश बोलीत 'चालेल', असं म्हणू नये, हे मी आयर्लंडमधल्या मलिंगारला शिकले. एकवीसच्या लॉकडाऊनमध्ये शेजारचा शॉन कुंपणापाशी आला आणि म्हणाला, "मागच्या अंगणात एअर रायफलने नेमबाजीच्या सरावाला छोटी रेंज लावतोय. लायसन्स आहे, वाळूची पोतीही रचतोय. चालेल ना?" मी आणि नवरा एकदमच म्हणालो, "ग्रँड." आम्ही तिथे नवीन, कशाला वाईटपणा घ्या.

पहिल्याच रविवारी, लॉकडाऊनमुळे आमच्याकडे अडकलेल्या सासूबाई वाळलेले कपडे घेऊन आत आल्या. चादरीची घडी घालताना मला आरपार भोक दिसलं. कुंपणालगतच्या दोरीवर ते त्यांच्या खांद्याच्या उंचीला आलं असणार.

मी चादर तशीच शॉनकडे नेली. त्याने भोकात करंगळी घातली आणि हळूच विचारलं, "तिथे कोणी होतं?"

"सासूबाई."

तो ओल्या गवतातच बसला.

संध्याकाळपर्यंत सगळं काढून टाकून तो माफी मागायला आला. नवरा त्याच्यावर भडकला, तेव्हा सासूबाई मध्ये पडल्या.

"त्याला काय बोलतोस? त्याने निदान विचारलं तरी. तुम्ही दोघांनी मला विचारलंत? कपडे वाळत कोण घालतं?"