वाकडा दस्ता

हसू नका, पण माह्या बाबाच्या रायफलीचा लाकडी दस्ता चांगला बोटभर वाकडा होता. वावरातली रानडुकरं हाकलाले बाबानं ती नागपूरच्या एका कारागिराकडून खास घडवून घेतली होती. बाबा गेल्यावर लायसन माह्या नावावर झालं, अन् फुलसावंगीचा दोस्त दिनू आपली कंपनीची रायफल घेऊन आला. म्हणे, "पाहू, कोनाची गोळी नेमकी लागते."

वावराच्या कडेले, धुऱ्यावर डबा ठेवला. दिनूच्या तिन्ही गोळ्या डब्यात, माह्या तिन्ही मातीत.

"हातानं घडवलेल्याचं असंच रायते," दिनू हसला.

मले राग आला. रायफल घेऊन कारागिराशी भांडाले नागपूरले गेलो.

तो म्हातारा म्हणे, "दस्ता चुकलेला नाही, भाऊ. तुमच्या वडिलांना उजव्या डोळ्यानं दिसत नव्हतं. उजव्या खांद्यावर लावून डाव्या डोळ्यानं नेम धरता यावा, म्हणून वळवून दिला. घरी सांगू नका म्हणाले होते."

महागावच्या फाट्यावर बाबाच्या मोटारसायकलले ट्रक उजव्या बाजूनंच धडकला होता. डायवर हात जोडून सांगून राह्यला होता, "यायनं मले पाह्यलंच नाही, दादा."

आमी त्याले झाडाले बांधून मारलं होतं.