ज्याचं ताट त्यानं

— न्हाई न्हाई, इहीनबाई, उरलेलं पानी वतू नका, ऱ्हाऊ द्या तांब्यातच. तुमच्या कोल्हारला पाट दारातनं व्हातोय, तुमाला सवय न्हाई. हितं जामखेडच्या अंगाला प्यायचं पानी दोन मैलांवनं येतं डोक्यावर. बसा, टेका भितीला. च्या कोरा हाय, गुळाचा. दूध इच्यारू नका. तर काय म्हनत हुते मी — व्हय, तुमी इच्यारलं, इवायांचं, म्हंजी आमच्या ह्यांचं, घरात काय बिनसलं. काय बिनसायचंय? ताटावनं बिनसलं. जेवायच्या ताटावनं. हासू नका, खरं सांगते. उभा जन्म संसार केला, आन एका ताटापायी मानूस उठून लेकीच्या सासरी जाऊन बसला. आमी म्हनलं, दोन दिसांनी राग उतरंल, येतील. पाडवा गेला, आखिती गेली. आन आज तुमीच आला, जावायबापूला संगं घेऊन — ते गेले का तलावाचं काम बघाया? बघू द्या. तवर आपुन बोलू.

मुळापासनंच ऐका. पावसानं तोंड दाखवलं न्हाई, रानात नुसती ढेकळं. पाझर तलावाचं काम निघालं तसा आमचा सोपान गेला, आन त्याच्या मागं सून. सुमननं जायचं म्हनल्यावर आमच्या ह्यांनी काय आदळआपट केली — आपल्या घरातली बाई मातीची पाटी उचलनार न्हाई, लोक काय म्हनतील! बरं, बाई न्हाई तर बाप्यानं उचलावी. तर तेबी न्हाई. हे सोता काय कामावर जायचे? ह्यांचं काम पारावर. सुमननं सगळं ऐकून घेतलं, डोईला फडकं बांधलं आन गेली. मग घरात ऱ्हायलं कोन — मी, हे, आन दोन पोरं. साळू सातव्या वर्सात, गहिनीनाथ चारच वर्सांचा. माझा हा गुडघा, उठता-बसता जीव जातो. तवा सुमननं काय केलं, पोरांना म्होरं बसवलं आन कामं वाटली. साळूनं आंगन झाडायचं, वाकळा घडी घालायच्या. गहिनीनं सांजच्याला कोंबड्या डालग्याखाली डालायच्या. आन सगळ्यांनी — ज्याचं ताट त्यानं उचलायचं, राखेनं घासायचं, भितीकडंला पालथं घालायचं. ताटात हात धुवायचा न्हाई, पानी जातं. येवढंच.

मला आधी हासूच आलं. चार वर्सांचं पोर काय ताट घासनार? पयल्या दिशी त्यानं निम्मी राख अंगालाच फासली, गोसाव्याचं पोर दिसाया लागलं. सून वरडली न्हाई. उद्या नीट हुईल म्हनली. एका दिशी कोंबड्या डालायच्या इसरला, मांजरानं एक वढून नेली. आपुन काय केलं आसतं? चार धपाटे. हिनं सकाळी त्याच्या हातात टोपलं दिलं आन पिसं येचाया लावली, सगळ्या आंगनातली. रडत रडत येचली त्यानं. पुन्ना न्हाई इसरला. आन शहाणा बी काय कमी न्हाई, आईला म्हनतो — आबाचं काम कोनतं? सुमन म्हनली, आबाला इच्यार करायचं काम हाय. आमचे हे खूश झाले बघा, मिशीवनं हात फिरवला. त्यान्ला वाटलं, सुनंनं मान दिला.

त्यांचं जेवन तुमी आता बघितलंय, मी काय सांगू? पर घरचं निराळं हुतं. पाटावर बसल्यावर मीठ हवं तरी हात न्हाई लांबवायचा, माझ्याकडं बघायचं. रेशनच्या मिलोची तांबडी भाकरी पुढं आली की तिला उलटी-पालटी करून बघायची, जशी ती मीच अमेरिकेतनं मागवली. आन जेवन झालं की ताटातच तांब्या रिकामा करायचा, ढेकर द्यायचा, उठायचं. ताट कुठं जातं, कोन नेतं, काय ठावं न्हाई. आपोआप जात आसंल म्हना.

तर शिमगा झाला आन एका दुपारी गावातले दोघं आले, मच्छिंद्र आन श्रीमंत, सोसायटीचं काय बोलाया. जेवून घ्या म्हनले हे. घरात कोरड्यास पुरंल का न्हाई ते कुनी इच्यारलं न्हाई, ते ऱ्हाऊ द्या. जेवनं झाली. पावन्यांची ताटं साळूनं उचलली, पावने म्हनून. ह्यांनी तांब्या वतला ताटात आन तिघं दारात सुपारी कातरत बसले. गहिनी गेला, म्होरं उभा ऱ्हायला. "आबा, ताट." ह्यांना वाटलं पोर खेळतंय. म्हनले, जा, आजीला सांग. तर म्हनतो, "आजीनं आजीचं घासलं. हे तुझं हाय." श्रीमंत आसा हासला, सुपारी पडली तोंडातली. म्हनला, रंभाजीआबा, उठा आता, मुकादमाचा हुकूम झाला. तेवढंच झालं. हासला नसता तर काय झालं नसतं. ह्यांनी उठून पोराच्या थोबाडीत दिली.

मी उचलाया वाकले, खोटं कशाला बोलू, सवयच ती. तर पोरानं माझं मनगट धरलं. गाल लालबुंद, बोटं उठलेली, नाक गळतंय, आन म्हनतंय, आजी, तू न्हाई. मग मला काय वाकवंना. गुडघा दुखत हुता ना. ह्या गुडघ्यानं आयुष्यात माझं येवढं भलं कधी केलं नव्हतं. ताट तसंच ऱ्हायलं, माश्या आल्या. पावने उठून गेले. सांजंला सुमन आली धुळीनं माखलेली. पोराचा गाल बघितला, ताट बघितलं. पोराचं तोंड पुसलं आन ताटाला वळसा घालून सैपाकाला लागली. सोपान आला, त्यानंबी वळसा घातला. जेवाया बसलो तर ह्यांच्या म्होरं ताट न्हाई. घासाया पानी न्हाई म्हनून मानशी एकच ठेवल्यालं, बाकी उतरंडीमागं. वाढ म्हनले. मी म्हनलं, "ताट तिथंच हाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. सुनंकडं न्हाई, पोरांकडं न्हाई — माझ्याकडं. येवढं निरखून लगनातबी बघितलं नव्हतं. उपाशीच निजले. सकाळी गठुडं बांधलं, मला वाटलं देवळात चाललेत. येष्टीत बसून थेट नगर, नगरवनं तुमच्याकडं.

आता तुमी सांगा. भागिरथी हाय तिथं, लेक काय उपाशी ठेवनार न्हाई बापाला. तुमचं तर काय, पांढरीशिप्पट भाकरी, दूध, ऊस. सुखात आसतील. — आँ? काय म्हनलात? पुन्ना म्हना. ताट उचलतेत? कोन, आमचे? आपलं आपुन? घासून बी ठेवतेत? ... आन आंगन झाडतेत? खराटा हातात घेऊन? रोज? — आन मग शेजारीपाजारी तुमालाच बोलाया लागले, गोजरबाईनं इवायाला गडी केलं म्हनून. तरीच. तरीच म्हनलं इहीनबाई येवढ्या उनाच्या कशा आल्या. बरोबर हाय, तुमाला लाज वाटनारच.

म्हंजी हात चालतेत त्यांचे. मला वाटायचं, न्हाई चालत. खरंच वाटायचं. भागिरथी झाली तवा सासूबाई न्हाई, कोन न्हाई, तिसऱ्या दिशी मी भित धरून उठले आन ह्यांचं ताट उचललं. हे पाटावर बसून ऱ्हायलेले, कोन उचलतंय वाट बघत. मी तापात फणफणले हुते एकदा, तवाबी. मी म्हनायची, मानूसच तसा हाय, त्याला उमगतच न्हाई. उमगत हुतं की. तुमच्या घरी आयतं खायाची लाज वाटली. माझी न्हाई वाटली.

— न्हाई, रडत न्हाई. च्या घ्या, निवतोय.

मी? कोल्हारला? त्यान्ला आनाया? आज कुठलं जमतंय बाई, दुपारची पाळी हाय माझी. — कसली म्हंजी... आता तोंडातनं गेलं तर ऐका. तलावावर पानी पाजाया एक म्हातारी पायजे हुती. हे गेले त्याच आठवड्यात मी गेले. गुडघ्याचं काय इच्यारता, रांजनापाशी बसून वगराळ्यानं पानी तर वतायचं. आन जाताना वाट उताराची हाय. पयल्या दिशी हजेरीला मुकादमानं हाक दिली, राहीबाई! मी इकडं-तिकडं बघते, कोन राहीबाई? साऱ्या बाया हासाया लागल्या. माझं नाव कुनी घेतलंच नव्हतं ना कवा, सोपानची आई न्हाईतर अगं. आता दिसातनं दहांदा घेतेत — राहीबाई, पानी आना. पोरं तिथंच सरकारनं दिल्याली सुकडी खातेत, गहिनी माझा वगराळा धरतो.

हे त्यान्ला सांगू नका. कानावर गेलं तर उद्याच्या येष्टीनं धावत येतील, आन पयलं म्हनतील, घरी बस. दुसरं म्हनतील, वाढ. तुमची पंचाईत मला कळती, पर माझीबी बघा की. आन मी न्यायाला का आले न्हाई म्हनून त्यांनी इच्यारलं तर? — न्हाई, सोपं हाय. आसं सांगा, राहीबाई लई आजारी हाय, आंथरुनातनं उठत न्हाई, घरात करनारं कुनी न्हाई. म्हंजी मग न्हाई येनार.

बरं, तलावावरची शिट्टी झाली, मी निघते. जावायबापू येतील हितं आत्ता. तुमी पडा निवांत, ऊन उतरल्यावर निघा. निघताना दार वढून घ्या, कुत्रं आत शिरतं.