शेजारची तीन दगडांची कबर

अरे, मला तर अजून धक्का बसलाय. आमचे रत्नागिरीचे खापरपणजोबा मस्कतला येताना गलबतासकट बुडाले, असंच घरात सांगायचे. गावच्या जुन्या सरकारी दप्तरातही खापरपणजीची नोंद विधवा म्हणूनच आहे.

परवा इकडे ओमानात, निझव्यात, माझ्या अर्बाबला, म्हणजे मालकाला, सहज खापरपणजोबांचं नाव-गाव सांगितलं. तो ताडकन उठला आणि मला गाडीत घालून थेट कब्रस्तानात घेऊन गेला. तिथे कबरींवर नावं नसतात. पुरुषाला दोन दगड, बाईला तीन.

दोन दगडांकडे बोट दाखवून म्हणाला, "हाच तो. आम्ही याला हिंदी आजोबा म्हणतो."

"आम्ही?" शेजारी तीन दगड होते. "आणि ही?"

"त्याची बायको. माझ्या आजोबांची आजी."

मी तिथूनच अम्मीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग आपली ती खापरपणजी जन्मभर पांढरं नेसली, ते कुणासाठी रे?"