काठी कुठली घेऊ?

हसू नका, पण पिसांची नकली माशी लावून मासे पकडतात ना, ते फ्लाय फिशिंग मला शिकायचं होतं. एव्हरशाईन सोसायटीतल्या घरात बसून पंधरा दिवस व्हिडिओ पाहिले आणि गळाच्या दोन काठ्यांवर येऊन अडलो. शेवटी आमच्या मासेवाल्या मावशीच्या नवऱ्याला गाठलं. त्यांचा सगळा जन्म समुद्रावर गेलेला. काका फाटकं जाळं शिवत बसले होते. मी मोबाईल पुढे धरला.

“काका, ही हलकी, ही मजबूत. कुठली घेऊ?”

“मासा केवढा धरनार?”

“मिळेल तो. फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा.”

काकांची सुई थांबली. “परत पान्यात?”

“हो.”

त्यांनी माझा मोबाईल हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

“मग काठी कुठलीपन चालेल. फोन तेवढा चांगला घे.”