एकतीस वर्षांचा शेजारी

महायुद्धात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या आठवणीसाठी बांधलेल्या त्या अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियममधली लाकडी बाकं काढून आता खुर्च्या बसवणार होते. तिकीट खिडकीवरच्या रांगेत, मोसमभराची जागा घ्यायला पहिल्यांदाच आलेल्या लोर्नाच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ उभे होते.

"आजोबा, तुमची जागा तीच राहील," खिडकीतली मुलगी म्हणाली.

"माझी नाही गं, शेजारच्याची विचारतोय. एकतीस वर्षं खेटून बसलो आम्ही."

"त्यांचं नाव?"

"कधी विचारलंच नाही. टचडाऊन झालं, आपल्याला गुण मिळाले की मिठी मारायचा."

मुलीने यादी पाहिली. "तुमच्या शेजारची जागा यंदा रिकामी झालीय. घेता का? घरच्या कुणासाठी?"

"घरी कुणी नाही, पोरी."

"मग दुसऱ्या कुणाला देऊ?"

"दे. फक्त जो कुणी येईल त्याला माझं नाव सांगून ठेव."

"काय सांगू?"

"एल्मर," म्हातारा सावकाश म्हणाला. "एल्मर हॉफस्टेट."

मागे उभ्या लोर्नाने ते नाव मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं.