एका गोणीची जागा

तेजस्वी: …आणि हे बटण बघ, काका. दोरी ओढायची झंझटच नाही. दाबलं की चालू. एक चाळीसचं, दुसरं पण चाळीसचं. आपल्या बोटीच्या ढुंगणाला ऐंशी घोडे लागणार, ऐंशी. जुन्याचे पंचवीस, त्यातले निम्मे मेलेले.

कमळाकर: मेलेले नाय. थकलेले. माज्यासारखे.

तेजस्वी: तू विषय नको बदलू. टॉवरच्या सोसायटीवाल्यांनी नवीकोरी इंजिनं दिली, टेम्पो उल्हासनगरला परत पण गेला, आणि तू खोक्याकडे असा बघतोयस, जसा काय आत साप आहे.

कमळाकर: साप असता तर सोपं होतं. सापाला काठी पुरते.

तेजस्वी: आज रविवार आहे. उद्यापासून मी अंबरनाथला कंपनीत फर्स्ट शिफ्टला. आज बसवली तर बसली. नाहीतर पाऊस लागल्यावर बस तू दोरी ओढत.

पुतळाबाई: चहा घ्या दोगं. काय ठरलं भावजी? माज्या पोरीनं सकालपासून ती खोकी तीनदा पुसली. घरातलं एक भांडं कदी पुसत नाय.

तेजस्वी: आई, तूच सांग याला. मागच्या पुराला तू कुठे होतीस?

पुतळाबाई: कुटं म्हंजे? चालीच्या पत्र्यावर. सगल्या बदलापूरला म्हाईत हाय.

तेजस्वी: का होतीस?

पुतळाबाई: होडी भरली म्हनून. पोरं बसली, सोनियाची सासू बसली, उमा तिचं तान्हं घेऊन बसली. नववी मी, आनि मना जागाच नाय. भावजी बोलले, "वहिनी, तू थांब, यांना सोडून आलोच." मी बोलले, जा. मग इंजिनाच्या पात्यात जलपर्नी गुंडालली नि ते मेलं मधल्या धारेत. भावजी वल्ही मारत कुटल्या कुटं वाहत गेले. मी सकालपासून दिवस बुडंपर्यंत पत्र्यावर. कोंबडी बसते ना खुराड्यावर, तशी. खालून शेजारनीचा फ्रीज वाहत गेला, माज्या डोल्यांदेखत. मी त्याला टाटा केला.

तेजस्वी: ऐकलंस काका? म्हणून दोन. एक मेलं तर दुसरं जिवंत. बात खतम.

कमळाकर: बात खतम तुजी. माजी चालू होते आता. ही होडी मी रेतीच्या धंद्यात होतो तवाची. तिची मागची फळी, जिला इंजिन लटकतं, ती एका बारक्या इंजिनासाठी बनवलीय. तिला दोन रेडे लटकवलेस, वर बटन दाबून जोर दिलास, तर फळी उपटून इंजिनासकट जाईल. मग तुजे ऐंशी घोडे नदीच्या तलाला, आनि आपन वरून बगतोय.

तेजस्वी: ती फळी राहिली कुठे? धर्मेशदादाने उन्हाळ्यात अख्खी कापून काढली ना त्याच्या कारखान्यात. नवीन जाड प्लाय घातला, आधीपेक्षा वीतभर उंच, वर फायबरचे थर मारले. पाण्याच्या टाक्या बनवतो तो, गळत नाहीत त्याच्या. हा घे हातोडा. ठोक. कुठे बद्द वाजलं तर मी आत्ता इंजिनं परत पाठवते.

कमळाकर: दे हिकडं.

पुतळाबाई: हलू मारा. फोडायची नाय, तपासायची हाय.

कमळाकर: हितं टनक. हितं पन टनक. खालच्या कोपऱ्यात… टनक. हं.

तेजस्वी: "हं" म्हणजे काय?

कमळाकर: हं म्हंजे फळी पास.

तेजस्वी: आई, पाना दे. पाना दे लवकर, याचं मन बदलायच्या आत.

पुतळाबाई: थांब गं. भावजी, तुमाला अट सांगितली का हिनं?

कमळाकर: कसली अट?

तेजस्वी: काही नाही रे, फालतू आहे. प्रीतमसाहेब, त्यांचे सेक्रेटरी, ते बोलले, दोन्ही इंजिनं याच बोटीला लावा, टॉवरच्या नावाची पट्टी चिकटवा, आणि…

कमळाकर: आनि?

तेजस्वी: आणि पावसाळाभर बोट त्यांच्या गेटला बांधायची.

कमळाकर: तू काय बोललीस?

तेजस्वी: हो बोलले. इंजिन तर येऊ दे आधी. नाही बोलले असते तर आज हे खोकं दिसलं असतं का तुला?

पुतळाबाई: गेटला म्हने. मेल्यांनी आमची भाताची खलाटी विकत घेतली, डोंगर आनून तिच्यात भरला, वर बिल्डिंग बांधली. पूर्वी पानी भातात पसरायचं, दोन दिस राहायचं, जायचं. आता त्याला जागाच नाय, ते सरल आमच्या चुलीत येतं. याच होडीचा फोटो काढून नगरपालिकेला कोनी धाडला होता? "भंगार उचला, दिसायला बरं दिसत नाय." आनि पुराच्या दिवशी तेच गॅलरीतून हाका मारत होते, काका, काका. सातव्या मजल्यावर काय बुडत होतं त्यांचं? लिफ्ट बंद पडली म्हनून होडी पायजे.

तेजस्वी: आई, बरोबर आहे सगळं. पण इंजिन तर खरं आहे ना? इंजिनाने काय केलंय तुझं?

पुतळाबाई: इंजिनाला कोन बोलतंय? इंजिन गोड हाय. मना पन आवडलंय. काला रंग बग कसा तुकतुकीत हाय.

कमळाकर: गेटचं मागनं बगू. तेजू, याचं वजन किती?

तेजस्वी: साधारण शंभर किलो एकाचं.

कमळाकर: आनि आपल्या जुन्याचं?

तेजस्वी: पन्नास.

कमळाकर: म्हंजे सिमेटची एक गोनी लटकत होती, तिथं आता चार. सगल्या शेपटीला. होडी मागनं किती बसंल?

तेजस्वी: बसेल थोडी. स्पीड किती मिळतोय ते बघ ना.

कमळाकर: स्पीड होडी चालू झाल्यावर. मानसं चढतात तवा होडी उभी असते. चल, पाना ठेव. होडी पान्यातच हाय. कैलासच्या घराच्या कामावर गोन्या पडल्यात, चार आन. आनि वाडीत हाक मार, पुराला जे बसले होते ते सगले या म्हनावं. आदी गोन्या बसव, मग मानसं बसव, मग इंजिनाचं बोलू.

तेजस्वी: कैलासदादाचं सिमेंट भिजलं तर?

पुतळाबाई: भिजलं तर त्याच्या घराला पाया मिलंल नदीत. आन तू. मी मारते हाक.

(थोड्या वेळाने, तिथेच नदीकाठी. होडी दोरीला, मागच्या फळीशी सिमेंटच्या चार गोण्या, त्यांच्याशेजारी होडीत कमळाकर. वाडीतली माणसं हसत, एकमेकांना ढकलत चढत आहेत.)

तेजस्वी: एक एक. संतोषदादा, उडी नको मारू, ही काय गटारी आहे? सोनिया, सासूबाईंना मध्ये बसव. मस्त. बघ काका, मागे खाच आहे ना, इंजिन लावायची, तिच्यापासून पाणी अजून वीतभर खाली आहे. काय बोलले होते मी?

कमळाकर: चढू दे अजून.

तेजस्वी: चढतायत. उमा, ये, पिल्लाला दे माझ्याकडे, आधी तू चढ. झाले आठ. चार बोटं राहिलीत. चालतंय, काका. कडक चालतंय. आई, चल, तूच बाकी.

कमळाकर: वहिनी, जरा थांब. तेजू, हे सगले पुढं का बसलेत?

तेजस्वी: मीच सांगितलं, पुढे सरका. वजन बॅलन्स होतं.

कमळाकर: पुराला तू सांगशील नि ते पुढं सरकतील? धार हलली की घाबरलेलं मानूस होडीवाल्याजवल सरकतं. सगले मागं येतात, माज्या गुडघ्याला धरतात. मागच्या साली सोनियाच्या सासूनं माजी चड्डी धरलेली, सुटली असती तर दोगांची अब्रू गेली असती. ए, सगल्यांनी या मागं. पुराला बसलेले तसे बसा. हसू नका, बसा.

पुतळाबाई: मी येऊ का?

तेजस्वी: ये. हात दे. हळू… अरे, अरे. काका, खाच.

कमळाकर: बगतोय.

तेजस्वी: पाणी आत येतंय. संतोषदादा, हलू नको. कोणी हलू नका. आई, तू… आई, तू उतर. तू थांब काठावर, यांना आधी…

पुतळाबाई: काय बोललीस? मना ऐकू आलं, तुना ऐकू आलं का?

तेजस्वी: उतर बोलले.

पुतळाबाई: "थांब" पन बोललीस. भावजी बोलले तेच. पन त्यांना बोलताना रडू आलेलं, तू तर बटनाच्या खुशीत बोललीस.

कमळाकर: वहिनी, राहू दे. पोरगी सोताच शिकली आज.

तेजस्वी: नाही, राहू नको देऊ. इंजिनं पळणार जोरात, आणि आई पत्र्यावरच. मग नवीन काय झालं?

कमळाकर: आता तू सांग. फिटर तू हायस.

तेजस्वी: थांब, मला विचार करू दे. दोन गोण्या म्हणजे एक नवीन. एक गोणी म्हणजे आपलं जुनं पंचवीसचं. नवीन मधोमध, जुनं बाजूला. रोज नाही चालवायचं, नवीन मेलं तरच त्याची दोरी ओढायची. म्हणजे तीन गोण्या. काका, एक गोणी उचल. संतोषदादा, धर. काठावर टाका ती.

कमळाकर: टाकली.

तेजस्वी: आई, आता ये.

पुतळाबाई: परत उतर बोलशील.

तेजस्वी: नाही बोलणार. ये. सगळे मागेच राहा, पुढे कोणी सरकायचं नाही. काकाचे गुडघे धरा, काय धरायचं ते धरा. बस आई. … काका?

कमळाकर: दोन बोटं. खाच कोरडी.

तेजस्वी: हल जरा, संतोषदादा. जोरात हल. नाच. काका?

कमळाकर: कोरडी. च्यायला, कोरडी हाय.

तेजस्वी: आई, तुझं वजन एका गोणीएवढं आहे.

पुतळाबाई: कोरड्या गोनीएवढं. सांगून ठेवते.

तेजस्वी: जुनं मी रात्रीपर्यंत खोलते, साफ करते. पात्याला जाळीचं कडं बनवून आणते कंपनीतून, जलपर्णी गुंडाळणार नाही. वल्ही पण आतच राहतील. तीन उपाय झाले, काका. एवढे आपल्याकडे कधी होते?

कमळाकर: कदीच नाय. आनि ते दुसरं नवीन?

तेजस्वी: त्याचंच बघते. फोन लावते… हॅलो, प्रीतमसाहेब. हां, तेजस्वी. पोचली, एकदम झकास आहेत. ऐका ना, एकच बसवतोय आम्ही. … नाही, बोट जुनी आहे, दोन्हीचं वजन घेतलं की माणसं कमी बसतात. आम्ही बसवून बघितलं. … पट्टी लावू ना, मोठी लावू. … गेटला नाही बांधणार. … हो, तेव्हा हो बोलले होते, आता नाही बोलतेय. … येणार ना साहेब, तुमच्याकडे पण येणार. पण तुमच्याकडे पाणी पार्किंगला लागतं, आमच्याकडे पत्र्याला. आधी पत्रा. … बरं. ठेवा.

पुतळाबाई: काय बोलला?

तेजस्वी: कमिटीला विचारतो बोलला. आणि कमिटी नाही बोलली तर उद्या टेम्पो पाठवून दोन्ही परत नेणार.

कमळाकर: नेऊ दे. त्यांची वस्तू हाय.

पुतळाबाई: नेऊ दे काय? एक न्या म्हनावं, खोकं पन फोडलेलं नाय त्याचं. दुसरं आज दिवस बुडायच्या आत बसवा. बोल्ट असे आवला, की काढायला सेक्रेटरीला स्वतः नदीत उतरावं लागंल. बघू दे लोकांनी, पुराच्या होडीचं इंजिन कोन सोडवून नेतंय ते. मी फोटो काढून धाडीन नगरपालिकेला.

तेजस्वी: आई, तू जाम डेंजर आहेस.

पुतळाबाई: एक अख्खा दिवस पत्र्यावर बसून बग, तू पन होशील.

कमळाकर: तेजू, पाना आन. ड्रिल आन. संतोष, ते खोकं उचलायला चौगं लागतील, हलू. चला, उतरा सगले, होडी काठाला ओढायची हाय. वहिनी, तू पन उतर आता.

पुतळाबाई: ओढा तुमी. मी बसलेय.